हॉट रीलोडिंग (रिडक्स)

वेब अ‍ॅप तयार करताना, चालू पान रीफ्रेश न करता बदललेला कोड ब्राउझरमध्ये लागू करण्याची सोय. लॉगिन, अर्धवट भरलेला फॉर्म, कार्टमधील वस्तू ही अ‍ॅपची त्या घडीची स्टेट वेगळी जतन केलेली नसल्यास फक्त ब्राउझरच्या मेमरीत असते व रीफ्रेश होताच पुसली जाते. त्यामुळे ही स्टेट बदलणाऱ्या कोडची दुरुस्ती करताना या सोयीचे मोल सर्वाधिक.

इतिहास : वेबपॅक या बंडलरमधील ‘हॉट मॉड्यूल रिप्लेसमेंट’ हा तिचा पाया. डॅन अब्रामोव्ह यांनी त्यावर यूआय घटकांसाठी रिअ‍ॅक्ट हॉट लोडर उभारला. स्टेटच्या कोडलाही तीच सोय मिळावी, या ध्यासातून रिडक्स हे स्टेट सांभाळणारे साधन घडले. जुलै २०१५ मध्ये पॅरिसच्या रिअ‍ॅक्ट युरोप परिषदेत अब्रामोव्ह यांनी ते सादर केले. फेसबुकची फ्लक्स ही रचना आणि एल्म ही भाषा यांचा त्यावर प्रभाव आहे.

कार्यपद्धती : रिडक्समध्ये स्टेट स्टोअरमध्ये राहते आणि ती कशी बदलावी हे रिड्यूसर ठरवतो. रिड्यूसर हे शुद्ध फंक्शन असते. जुनी स्टेट व अ‍ॅक्शन (काय घडले याची नोंद) घेऊन ते नवी स्टेट देते, स्वतःजवळ काही राखत नाही. म्हणूनच स्टोअर जागच्या जागी ठेवून रिड्यूसर तेवढा बदलता येतो. फाइल सेव्ह होताच डेव्ह सर्व्हर वेबसॉकेटवरून ब्राउझरला कळवतो, नवे मॉड्यूल उतरते आणि ‘रिप्लेसरिड्यूसर’ ही मेथड नवा रिड्यूसर स्टोअरला जोडते. बदल स्वीकारणारे मॉड्यूल सापडले नाही, तर पूर्ण पान रीलोड होते.

उदाहरणार्थ, कार्टच्या रिड्यूसरमध्ये सवलतीचे सूत्र चुकले आहे. ते सुधारल्यावर कार्टमधील वस्तू तशाच राहतात. मात्र आधीच साठवलेली चुकीची बेरीज पुढील अ‍ॅक्शनपर्यंत कायम राहते. अ‍ॅक्शनची नोंद ठेवणारे रिडक्स डेव्हटूल्स जोडलेले असल्यास नोंदवलेल्या अ‍ॅक्शन नव्या रिड्यूसरमधून पुन्हा चालवल्या जातात आणि बेरीज लगेच सुधारते.

मर्यादा : आधीपासून असलेल्या स्टेटला आरंभीच्या मूल्यातील बदल लागू होत नाही. स्टेटचा आकार बदलला, तर जुना डेटा नव्या कोडशी जुळत नाही. अशा वेळी रीफ्रेशच करावे. जुन्या मॉड्यूलने लावलेले टायमर व लिसनर आपोआप सुटत नाहीत, ते मॉड्यूल बदलताना चालणाऱ्या ‘डिस्पोज’ हँडलरमध्ये काढावे लागतात.

अन्यत्र : व्ह्यू फ्रेमवर्कच्या व्ह्यूएक्स व पिनिया या स्टेट लायब्ररींतही ही सोय आहे.