पाच गॅलनांच्या आतले बॉयलर

बीड जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात ‘एक्स्प्रेसो’ म्हटले की डोळ्यांसमोर काय उभे राहते, हे वेगळे सांगायला नको. स्टीलचे नाही तर पितळेचे उभे पिंप, खाली गॅसची शेगडी, बाजूला वाकलेली नळी आणि तिच्या तोंडाशी मग धरून उभा असलेला पोऱ्या. मगात दूध, साखर, कॉफीची पूड. कॉक उघडला की फर्रर्र आवाज होतो, फेस वर येतो, त्यावर चिमूटभर चॉकलेट पावडर. इटलीतला माणूस या पेयाला एस्प्रेसो म्हणणार नाही. त्याच्या कपात दूध नसते. तीसेक मिलिलिटर दाट, काळी कॉफी असते. या नावावरून आपल्याकडे बरीच थट्टा होते. मला ती उथळ वाटते. दोन्ही यंत्रांचे कूळ एक आहे, आणि दोन्ही आजारी पडतात तीही बहुतेक एकाच रोगाने.

ट्युरिन शहरात १८८४ मध्ये मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे आंजेलो मोरिओंदो याने वाफेच्या दाबावर कॉफी करणारे यंत्र मांडले आणि त्याचे पेटंटही घेतले. ते एका वेळी मोठा घाणा काढणारे होते. एकेका गिऱ्हाइकासाठी वेगळा कप काढण्याची युक्ती मिलानच्या लुइजी बेझेराची. त्याचे पेटंट १९०१ चे. पुढे त्याचे हक्क देसिदेरिओ पावोनीकडे गेले आणि उभ्या, घुमटाच्या झाकणाची ती पितळी पिंपे युरोपातल्या कॉफीगृहांत दिसू लागली. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर आपल्या मांडवातल्या पिंपाशी त्यांचे नाते लपत नाही.

या पिंपांत एक खोट होती. कॉफीतून पाणी ढकलायचे काम वाफेकडेच होते. वाफेने मिळणारा दाब जेमतेम दीड बार, आणि तेवढ्यासाठीही पाणी शंभर अंशांच्या पुढे तापवावे लागे. त्यामुळे कॉफी करपल्यासारखी कडू लागे. चांगल्या कपाला हवे असते याच्या उलट : पाणी नव्वद ते शहाण्णव अंशांचे, आणि दाब मात्र नऊ बारच्या आसपास. आकिले गाज्जिया या मिलानच्या कॉफीगृहवाल्याने १९३८ मध्ये वाफेविना कॉफी काढण्याचे पेटंट घेतले, आणि युद्ध संपल्यावर स्प्रिंग आणि दांड्याचे यंत्र बाजारात आणले. दाब आता दांडा देऊ लागला. कॉफीवर पिवळसर साय दिसू लागली ती तेव्हापासून. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेंते याने दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या यंत्राचे नाव ‘ई-६१’. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. नावातला ‘ई’ त्या ग्रहणाचा.

म्हणजे सत्तरेक वर्षांचा हा इतिहास वाफेला कॉफीपासून दूर करण्याचा आहे. वाफ उरली ती दुधापुरती. आपल्या मांडवाने नेमका तेवढाच अर्धा भाग उचलला. कॉफी काढायची कटकट झटपट विरघळणाऱ्या पुडीने संपवली होतीच. मग पंप कशाला, दट्ट्या कशाला? पिंप, आग आणि नळी पुरते. हे अज्ञान म्हणायचे की काटकसर? मी काटकसर म्हणेन. हजार पानांच्या लग्नात तीस-तीस मिलिलिटरची कॉफी कोण काढत बसणार?

पण वाफ म्हटली की बॉयलर आला, आणि बॉयलर म्हटला की कायदा. ब्रिटिश सरकारने १९२३ मध्ये बॉयलरचा कायदा केला तेव्हा रेषा आखली ती २२.७५ लिटरवर, म्हणजे पाच गॅलनांवर. त्याहून मोठ्या भांड्यात दाबाची वाफ करायची तर नोंदणी हवी, निरीक्षकाची तपासणी हवी. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आल्यानंतर हा कायदा इकडे लागू झाला. २००७ च्या दुरुस्तीने मर्यादा २५ लिटरवर नेली, आणि २०२५ मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला तरी ती तशीच राहिली. साखर कारखान्याचा बॉयलर रेषेच्या पलीकडे; घरातले यंत्र आणि मांडवातले लहान पिंप अलीकडे. कुकरवर निदान आयएसआयचा शिक्का असतो. स्थानिक वर्कशॉपात वळवून घेतलेल्या पिंपावर पुष्कळदा काहीच नसते. पाच गॅलनांच्या आत निरीक्षक येत नाही. तिथला निरीक्षक म्हणजे स्टोव्ह-कुकर दुरुस्त करणारा माणूस.

अशा एका कारागिराकडे मी काही वर्षे जात आलो आहे. बीडच्या जुन्या वस्तीत त्यांचे दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर एक वेगळाच रोगी आला. शहरातल्या एका डॉक्टरांच्या घरी ई-६१ धाटणीचे इटालियन यंत्र होते. किंमत सांगितली तर वाचकांना खोटी वाटेल. तक्रार अशी की कॉफी आंबट लागते आणि कपात फार हळू उतरते. फोनवरून सल्ला मिळाला होता पंप बदलण्याचा.

चाचांनी असले यंत्र आधी पाहिलेले नव्हते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती वाफेचा कॉक पूर्ण उघडण्याची. बॉयलरमध्ये हवा कोंडलेली असली तर काटा दाब दाखवतो, पण पाणी तेवढे तापलेले नसते. कॉक उघडला की तो खोटा दाब झटक्यात बसतो. कुकरला वाफ येऊ लागल्यावरच शिट्टी ठेवायची, हे आपल्या आया-आज्यांनी शिकवले त्यामागचे कारणही हेच. इथे काटा सव्वा बारच्या आसपास टिकून राहिला. वाफ खरी होती. मग पंपाचा काटा पाहिला : नऊ. म्हणजे पंपही धडधाकट.

या यंत्रात बॉयलरच्या पोटातून एक नळी जाते. तिच्यातले पाणी तापून वरच्या पाइपने पुढच्या जड पितळी तोंडात येते, तिथे उष्णता देऊन थंड होते आणि खालच्या पाइपने परत जाते. पंप न लावता, निव्वळ गरम-थंडाच्या फरकावर हे चक्र चालते आणि तेवढ्याने ते चारेक किलोचे तोंड तापलेले राहते. चाचांनी पत्रा काढला, दोन्ही पाइपांना बोट लावले आणि डॉक्टरांना म्हणाले, “सर, हात लावून बघा. वरचा भाजायलाय, खालचा थंडगार. पाणी फिरतच नाही.” तोंड थंड, म्हणून कॉफी आंबट. वाटेत कुठेतरी चोंदले होते, म्हणून धार बारीक.

चोंदले होते ते एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्र असलेल्या पितळी जेटमध्ये. स्टोव्हच्या निपलला पिन मारण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते ओळखायला वेळ लागला नाही. पण पिन त्यांनी मारली नाही. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की पाण्याचे मापच बिघडते. गरम पाण्यात लिंबूसत्व विरघळवून जेट त्यात टाकले, अर्ध्या तासाने फुंकर मारली. नळ्यांनाही तेच पाणी, मग चार-पाच वेळा साधे पाणी. पंपाला कोणी हात लावला नाही.

खरा आरोपी होता पाणी. बीड जिल्हा बव्हंशी बेसॉल्टवर, काळ्या पाषाणावर बसलेला आहे. या खडकातून झिरपलेले पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येते. दुष्काळातही आटत नाही अशी ख्याती असलेली इथली सोळाव्या शतकातली खजाना विहीर याच भूगर्भाच्या जिवावर उभी आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो आणि न विरघळणारा कार्बोनेट भांड्याला चिकटतो. बंबाच्या आतला पांढरा थर तोच. इटलीतल्या अनेक गावांचेही पाणी जड आहे; तिथे कॉफीच्या यंत्राआधी पाणी मऊ करणारे भांडे लावतात. इथे यंत्र आले, ते भांडे आले नाही.

जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या बॉयलरची गोष्टही वेगळी नाही. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. तिथे बॉयलरला कच्चे पाणी देतच नाहीत. आधी त्यातले क्षार काढून टाकतात. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे अनेकांना आठवत असेल.

परळीचा हा धडा डॉक्टरांच्या घरच्यांनी जरा जास्तच मनावर घेतला. दुरुस्तीनंतर त्यांनी यंत्रात निव्वळ आरओचे पाणी भरायला सुरुवात केली. पंधरवड्यात नवी तक्रार : वाफेच्या नळीतून पाणी येते. या यंत्रांच्या बॉयलरमध्ये पातळी मोजणारी एक सळई असते. पाणी तिला टेकले की अगदी क्षीण वीज वाहते आणि भरणारा पंप थांबतो. पाण्यात क्षार अगदी नगण्य असले तर वीज वाहत नाही; यंत्राला वाटते, बॉयलर रिकामाच आहे, आणि ते भरत राहते. हा उलगडा चाचांना झाला नव्हता. तो डॉक्टरांच्या मुलीने यंत्राची पुस्तिका वाचून केला. आता त्या घरी आरओच्या पाण्यात थोडे नळाचे मिसळतात आणि टीडीएस मीटर साखरेच्या डब्याशेजारी असते.

मांडवातल्या पिंपात असली सळई नसते. तिथे थर साचतो तो थेट सेफ्टीत. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाबावर अन्न शिजवणारे भांडे मांडले. फुटण्याचे भय पुढे त्याने वजनाच्या झडपेने दूर केले. कुकरची शिट्टी तिचीच नात. थर बसला की झडप नीट टेकत नाही, सुरसुरते, गॅस वाया जातो. मग कोणीतरी स्प्रिंग आवळतो, नाही तर तिथे बुचच मारतो. सुरसुर थांबते, मालक खूश होतो. पुढच्या लग्नात ते पिंप शंभर माणसांच्या मधोमध उभे असते.

तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू होतो, म्हणून दिवाळीच्या आधीच ही पिंपे चाचांच्या दारात येऊन पडतात. मालकांना घाई असते नळीची आणि कॉकची, कारण गिऱ्हाइकाला दिसतो तो फेस. चाचा आधी सेफ्टी खोलतात. आवळलेली आढळली तर नवी बसवतात आणि तिचे पैसे वेगळे लावतात. त्यावरून दरवर्षी एखादा मालक भांडतो, पिंप उचलून दुसरीकडे नेतो. चाचा त्याला अडवत नाहीत. जुनी सेफ्टी मात्र परत देत नाहीत. दुकानाच्या मागच्या भिंतीशी तेलाचा एक डबा आहे. त्यात अशा सेफ्टी पडून आहेत.