मतमूल्याचा हिशेब आणि पेडणे-डिचोली

राष्ट्रपतिपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हा प्रश्न वरवर तत्त्वाचा किंवा व्यक्तिमाहात्म्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो मोजणीचा असतो. आणि मोजणीपूर्वीच कोणाला मोजावयाचे हे ठरलेले असते. १९६९ सालची निवडणूक या दृष्टीने, विशेषतः पेडणे-डिचोलीच्या बाजूने, पुन्हा पाहण्याजोगी आहे.

मे १९६९ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसचे संसदीय मंडळ उमेदवार निवडण्यास बसले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा कल जगजीवनराम यांच्याकडे होता. परंतु मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील व यशवंतराव चव्हाण हे चौघे नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने राहिले आणि उमेदवारी रेड्डींना मिळाली. देशव्यापी पक्षाचा निर्णय बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी झाला.

मंडळात जुळलेले हे गणित पुढे मतपेटीत मात्र जुळले नाही. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा पुरस्कार केला. स्वतंत्र उमेदवार व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, तर महाडनजीकच्या नात्याचे चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयास ४,१८,१६९ आवश्यक होते. तेव्हा दुसऱ्या पसंतीची मते मोजली गेली. देशमुखांच्या मतांतून रेड्डींच्या पारड्यात भर पडली, तरी गिरी ४,२०,०७७ पर्यंत पोहोचले. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आवश्यक कोट्यापेक्षा गिरींना जास्त मिळाले ते केवळ १,९०८.

इतक्या चुरशीच्या मोजणीत गोव्याच्या विधानसभेचे मतमूल्य किती होते? शून्य. राज्यघटनेच्या ५४व्या अनुच्छेदाने मताधिकार संसदेच्या आणि राज्यांच्या विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांना दिला होता. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश असल्याने लोकसभेतील खासदारांना मत होते, आमदारांना नव्हते. त्या वेळचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर पेडण्याचे सुपुत्र. विधानसभेत बहुमत त्यांच्या पक्षाचे. तरीही राष्ट्रपती निवडताना त्यांना मत नव्हते.

याला एक जवळचा इतिहास आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणास १,३८,१७०, तर केंद्रशासित प्रदेशास १,७२,१९१ मते पडली. पेडणे व डिचोलीचा कौल विलीनीकरणाकडे होता. तो मान्य झाला असता, तर येथील आमदार महाराष्ट्राच्या विधानसभेतून या मोजणीत आले असते. अर्थात कौल देताना हा हिशेब फारसा कोणाच्या मनात नसावा. भाषा, जमीन आणि स्वतंत्र अस्तित्व हेच प्रश्न ऐरणीवर होते. ज्यांनी वेगळे राहण्याचा कौल दिला, त्यांनाही हा मताधिकार ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाल्यावरच मिळाला.

आज गोव्याच्या आमदाराचे मतमूल्य २० आहे. १९७१ ची लोकसंख्या ७,९५,१२० भागिले ४० आमदार, त्यास पुन्हा १००० ने भागले की हा आकडा येतो. महाराष्ट्रात तो १७५. म्हणजे पेडणे, मांद्रे, डिचोली, मये व साखळी या पाचही मतदारसंघांचे मिळून १००. तेरेखोलपलीकडच्या सावंतवाडीचा एकटा आमदार १७५. यात अन्याय नाही, लोकसंख्येचे प्रमाण आहे. मात्र ते प्रमाण १९७१ चे आहे. १९७६ व २००१ च्या घटनादुरुस्त्यांनी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते गोठविले आहे.

२० हा आकडा लहान खरा. पण अवघ्या १,९०८ च्या आधिक्याने राष्ट्रपती ठरलेला या देशाने पाहिला आहे. अशा हिशेबात २० आणि शून्य यांतील अंतर २० आणि १७५ यांतील अंतराहून मोठे असते. पहिले अंतर ओलांडावयास पेडणे-डिचोलीला, आणि सगळ्या गोव्याला, मुक्तीनंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला.