करपलेली भाकरी आणि स्वतःवरची माया

शेजारणीची भाकरी करपली तर आपण म्हणतो, "होतं गं, तवा जास्त तापला असेल." आणि आपली करपली तर? "मला मेलीला एक काम धड येत नाही!" तिला एक माप, स्वतःला दुसरं. ह्या दुसऱ्या मापाचाही लोकांनी अभ्यास केलाय. त्याची गोष्ट आज सांगते.

अमेरिकेत वूस्टर नावाचं शहर आहे. १९७९ साली तिथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात जॉन कबाट-झिन यांनी एक वर्ग सुरू केला. ते डॉक्टर नव्हते, जीवशास्त्र शिकलेले होते. बौद्ध परंपरेतलं ध्यान ते स्वतः करत. वर्गाला यायचे ते वर्षानुवर्षं अंग दुखणारे, औषधानं पुरता गुण न आलेले लोक. शिकवणी आठ आठवड्यांची. त्यातला एक धडा बेदाण्याचा! तो हातावर घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, मग सावकाश चावायचा. (तासगावकडच्या बायकांच्या हाताखालून ढीगभर बेदाणे जातात, पण एकाकडं असं बघायला सवड कुणाला?) मग आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडं लक्ष द्यायचं. दुखतंय तर दुखतंय, त्याच्याशी भांडायचं नाही. ह्यालाच सजगता म्हणतात.

पण शांत बसलं की आणखी एक ऐकू येतं: आपणच आपल्याला घातलेले शिव्याशाप. क्रिस्टिन नेफ ह्या बाई कॅलिफोर्नियात पीएच.डी. पुरी करत होत्या, तेव्हा त्यांचा संसार मोडला. मनाला टोचणी लागलेली. त्या ध्यानाच्या वर्गाला गेल्या, आणि करुणा स्वतःवरही करायची असते हे तिथं ऐकलं. २००३ साली त्यांनी ही माया मोजायला २६ प्रश्न तयार केले. त्यांच्या मते हिच्यात तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेनं बोलणं, चुकणारी मी एकटी नाही हे ओळखणं, आणि दुःख न लपवता, न फुगवता बघणं. ही तिसरी म्हणजेच सजगता. मला विचाराल तर दुसरी सगळ्यात मोलाची. गटाचा हप्ता थकला की एखादी बाई बैठकीलाच येईनाशी होते. पैशाची अडचण असतेच, पण साऱ्या गावात आपणच नालायक, हे वाटणं तिला घरात कोंडतं.

नेफ आणि ख्रिस्तोफर जर्मर यांनी आठ आठवड्यांचा वर्ग बांधला, आणि त्याची पाहणी २०१३ साली छापून आली. २५ जणांनी वर्ग केला, २७ जण थांबून राहिले. वर्ग केलेल्यांची उदासी आणि ताण जास्त उतरला, आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकून होता. माणसं थोडी होती, हेही सांगायला हवं. आणि मायेनं मजुरी वाढत नाही. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे.

"असे लाड केले तर माणूस आळशी होईल," असं माझ्या सासूबाई म्हणाल्या. हाच प्रश्न बर्कलेच्या विद्यापीठातल्या दोघींना पडला होता. त्यांनी मुलांना अवघड परीक्षा दिली. २०१२ साली त्यांनी लिहिलं, की नापास झाल्यावर ज्यांना स्वतःशी समजुतीनं वागायला सांगितलं होतं, ती मुलं पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसली.