वीस माणसांचा एक पुतळा



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतली मराठी मुले किल्ला करतात. पलसाण्यात माती हवी तेवढी मिळते, अळीव पेरले की हिरवळही येते. मावळे मात्र गावाकडून कोणी आणले तरच. गेल्या दिवाळीत धर्मशिक्षण वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, मावळ्यांसारखे रोमी शिपाई केले तर? उपवासकाळात चर्चमध्ये मांडता येतील."

मी लगेच हो म्हणालो. कला शाखेत इतिहास शिकलेल्या माणसाला एवढे निमित्त पुरते.

परदेशात हा मोठ्या माणसांचा छंद आहे. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे पुतळे रंगवायचे, टेबलावर टेकड्या-नद्या मांडायच्या, मोजपट्टीने चाल मोजायची आणि फासे टाकून लढाई ठरवायची. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम दिले. पुढे प्राचीन सैन्यांसाठी वेगळे नियम झाले. सगळे सैन्य टेबलावर मावणार नाही, म्हणून एक पुतळा अनेक माणसांच्या जागी धरतात. जुन्या नियमांतले एक प्रमाण आहे २० माणसांना एक पुतळा. आम्ही तेच घेतले.

मग हिशेब सुरू झाला. रोमी सैन्यात एका तंबूत ८ शिपाई. असे १० तंबू म्हणजे शताधिपतीची तुकडी. नाव शंभराचे, माणसे ८०! अशा ६ तुकड्यांची एक पलटण, म्हणजे ४८० माणसे. १० पलटणींचे एक सैन्यदल, ज्याला रोमी लोक लेगिओ म्हणत, सुमारे ५००० चे. आमच्या प्रमाणात शताधिपतीच्या तुकडीला ४ पुतळे, पलटणीला २४. मुलांना वाटले, अडीचशे पुतळ्यांत पिलाताचे सैन्य तयार.

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. वर्षानुवर्षे पवित्र आठवड्यातल्या देखाव्यासाठी मी पुठ्ठ्याची पट्ट्यापट्ट्यांची चिलखते, लाल झगे आणि झाडूच्या काड्यांचे तुरे करून देत आलो, आणि हे शिपाई इटलीहून आले होते असे वर्गात सांगत आलो. पण प्रभूच्या काळी यहुदीयात एकही लेगिओ नव्हता. जवळचे चार लेगिओ सिरियात होते. पिलाताच्या हाताखाली होत्या साहाय्यक पलटणी. यहुद्यांना लष्करी सेवेतून सूट असल्यामुळे या पलटणींची भरती मुख्यतः कैसरीया आणि सेबस्ते, म्हणजे जुने शोमरोन, इथल्या बिगरयहुदी लोकांतून होई. इसवी सन ४४ मध्ये अग्रिप्पा राजा वारला त्या वेळच्या हकिगतीत इतिहासकार योसेफसने या दोन गावांच्या घोडदळाचा आणि पाच पलटणींचा उल्लेख केला आहे. यहुद्यांचा राजा मेला म्हणून त्यांनी आनंद साजरा केला, असेही तो लिहितो. कैसरीयातल्या कर्नेल्याची पलटण इटलिक नावाची होती, तो अपवाद.

म्हणजे यरुशलेमच्या रस्त्यावर भाला घेऊन उभा असलेला शिपाई दोन-तीन दिवसांच्या वाटेवरच्या गावचा. शेजारी. यहुद्यांशी त्याच्या गावाचे जुने वैर.

पुतळे त्यामुळे बदलले. पट्ट्यांच्या चिलखताऐवजी कड्यांचे, चौकोनी वाकलेल्या ढालीऐवजी लंबगोल सपाट ढाल, फेकायच्या जड भाल्याऐवजी साधा भाला. खेळातही या शिपायाची किंमत लेगिओच्या शिपायापेक्षा कमी गुणांची. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, हे कंत्राटी आणि ते कायमचे?" त्याचे वडील चौकडीजवळच्या डाइंग मिलमध्ये आहेत. उपमा पुरती बसत नाही, कारण हे लोक २५ वर्षे नोकरी करत आणि शेवटी त्यांना रोमी नागरिकत्व मिळे. पण मला ती खोडून काढावीशी वाटली नाही. पुढे, सुमारे ८३ साली, ब्रिटनमध्ये अग्रिकोला या सेनापतीने ८००० साहाय्यक पायदळ मध्यभागी पुढे लोटले आणि लेगिओ मागे तटबंदीपाशी ठेवले. रोमी रक्त न सांडता मिळालेला विजय अधिक गौरवाचा, असे त्याचे कारण त्याचा जावई टॅसिटस देतो. टेबलावर हे सैन्य वापरणारे आजही असेच खेळतात: स्वस्त पुतळे पुढे, महाग मागे.

पहिला देखावा आम्ही प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३ चा केला. पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी ४० हून अधिक लोकांनी शपथ घेतली. सरदार क्लौद्य लुसियाने रात्री ९ च्या सुमारास त्याला कैसरीयाकडे रवाना केले. सोबत २०० शिपाई, ७० घोडेस्वार, २०० भालेकरी. आमच्या हिशेबाने १० पुतळे, साडेतीन घोडेस्वार आणि १० पुतळे. अर्ध्या घोडेस्वारावरून बराच वेळ हशा चालला. समोर मारेकरी दोनच. आणि ज्याने कटाची बातमी पोचवून हे सगळे सैन्य हलवले तो पौलाचा भाचा, एकटा पोरगा, त्याला या प्रमाणात पुतळाच नाही.

मग गुलगुथा मांडायला घेतला आणि काम थांबले. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या वस्त्रांचे चार वाटे होतात, प्रत्येक शिपायाला एक. चार शिपाई. आमच्या प्रमाणात पुतळ्याचा पाचवा हिस्सा. राजवाड्याच्या अंगणात थट्टा करायला अख्खी पलटण जमली होती, तिचे २४ पुतळे रांगेत उभे राहिले; पण खिळे ठोकणारे हात मांडायला जागा नव्हती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्या मिलवाल्या मुलाने चार पुतळे वेगळे करायचे ठरवले, एकास एक. रंग द्यायच्या आधी तो विचारत होता, "सर, यांचे तोंड कसे करू? गावातल्या माणसासारखे?"

मी हो म्हटले. तीन सुकले आहेत. चौथ्याच्या हातात त्याने भाला दिलेला नाही, बिनशिवणीचा अंगरखा दिला आहे. त्याचा रंग अजून ठरायचा आहे.