देवाचा दरबार

देवाचा दरबार : कवी नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१–९ मे १९१९) यांनी १९१७ साली साताऱ्यात सुरू केलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. संस्था म्हणून दरबार फार टिकला नाही. पण खरा ख्रिस्ती कोणाला म्हणावे आणि त्याचे मंडळीशी (म्हणजे चर्चशी) नाते कसे असावे, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या धीटपणे क्वचितच कोणी विचारला असेल.

टिळकांची श्रद्धा मंडळीत जन्मलेली नव्हती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. पुढचा बराच काळ ते मनाने ख्रिस्ताचे आणि जगाच्या लेखी चित्पावन ब्राह्मण होते. म्हणजे बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य कसा असतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही आग्रहाने परदेशी मिशनऱ्याकडून नव्हे, तर तुकारामजी नथोजी या एतद्देशीय पाळकांच्या हातून.

या पावलाची किंमत घरानेही मोजली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. राहुरीच्या मुक्कामात, माणसांच्या जाती देवाने केल्या असतील का, या विचाराने त्यांच्या मनाची उलथापालथ झाली आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय नवऱ्यामागून फरफटत जाऊन घेतलेला नाही, हे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला पानोपानी जाणवते. एकाच घरात दोन माणसे दोन वाटांनी, आपापल्या वेळेला एकाच श्रद्धेपाशी पोहोचली.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, त्याचे नगर जिल्ह्यात १८३१ पासून ठाणे होते. शाळा, नोकऱ्या, राहण्याची जागा, सगळे मिशनच्या हाती. अशा व्यवस्थेत मंडळीचा सभासद बघता बघता मिशनचा आश्रित होतो, आणि उपासनेचे सूरसुद्धा बाहेरून येतात. टिळक याच मिशनमध्ये राहिले. त्यांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवले, १९०४ साली दीक्षित पाळक झाले, पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. मंडळीत राहूनच त्यांनी तिला मराठी वळण लावले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. अभंग, ओवी, पदे यांतून त्यांनी उपासनागीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा पुढे नेली. खेड्यातल्या ज्या माणसाला इंग्रजी चालीवरचे गीत ओठांवर ओढून आणावे लागे, तो टाळ वाजू लागताच आपसूक गाऊ लागला. श्रद्धा आपली झाली की नाही, हे अशा जागी कळते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी व पगार सोडून संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले. दरबार निघाला तो या निश्चयातून. त्यात ख्रिस्त हाच गुरू; भक्ती, सेवा आणि देशप्रेम यांची फारकत नाही; मंडळीच्या दप्तरात नाव आहे की नाही याला महत्त्व नाही.

या कल्पनेवरचा आक्षेप वजनदार आहे. बाप्तिस्मा ही चारचौघांत दिलेली साक्ष असते, आणि तिच्यापायी कित्येकांनी घरदार गमावलेले असते. ती न देणाऱ्याला त्याच पंक्तीत बसवले, तर त्या त्यागाचे काय? मात्र टिळकांनी हा त्याग स्वतः केला होता. सवलत मागणाऱ्याचे हे बोलणे नव्हते. त्यांनी मंडळी टाकलीही नाही. मंडळीचे दार बाहेर ताटकळणाऱ्या भक्तासाठी उघडे असावे, एवढाच त्यांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. मिशनच्या आधाराविना श्रद्धा उभी राहते का, हेही त्यांना पाहायचे होते.

त्यासाठी त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. आजारपणात मुंबईला त्यांचे निधन झाले. टिळकांच्या सहवासाचा ठसा उमटलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढच्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. टिळकांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि रविवारच्या उपासनेत ती आजही गायली जातात. दरबाराची भूमिका मुळातून जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने टिळकांची ‘अभंगांजली’ आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही दोन्ही पुस्तके जोडीने वाचावीत.