जिन्याचा वेळ वजा करून

आमच्या शाखेत दोन घड्याळं आहेत. एक भिंतीवर, दुसरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात. भिंतीवरच्याला माझ्यासारखीच घरी जायची घाई असते. नातीच्या फीसाठी ड्राफ्ट काढायला आलेल्या एका आजोबांना मी त्याच्याकडे बोट दाखवून ‘वेळ संपली’ म्हटलं. ते गेल्यावर पडद्याकडे पाहिलं, तर भिंत सहा मिनिटं पुढे! फीला दंड बसला. आजोबांनी नंतर पावती दाखवली. रागानं नव्हे, नुसतीच.

मग पडद्यावरचं घड्याळ कुणाच्या जिवावर एवढं बिनचूक चालतं, याचा शोध घेतला. त्यामागे डेव्हिड मिल्स हे अमेरिकन गृहस्थ निघाले. जन्मापासून काचबिंदू, उतारवयात दृष्टीही गेली, पण जगभरच्या यंत्रांना वेळ दाखवली यांनी! १९८५ साली त्यांनी ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ मांडला. मी कॉमर्सचा, तरी हिशेब पटला, कारण ते चक्क आवक-जावक रजिस्टर आहे. आपला कॉम्प्युटर वेळ टिपून प्रश्न पाठवतो. पलीकडचा प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर धाडल्याची वेळ लिहितो. उत्तर आल्याची वेळ आपला टिपतो. त्यातून प्रवासाचा वेळ निघतो, त्याचा निम्मा एका वाटेचा. शिवाय एकाच्या शब्दावर विसंबायचं नाही. चारपाच घड्याळांना विचारायचं आणि भलतंच सांगणाऱ्याला वगळायचं.

चूक किरकोळ असेल, तर काटा एकदम ओढायचा नाही. सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद, असं चुचकारत आणायचं. घड्याळानं मागे उडी मारली, तर पैसे भरण्याआधीच काढल्याची नोंद व्हायची!

सरकारला हे कुठलं सुचायला? १९०६ साली मुंबई टाइमच्या ३९ मिनिटं पुढची ‘स्टँडर्ड’ वेळ आली ती एका फटक्यात. मुंबईकर बिथरले, आणि मुंबई टाइम पार १९५५पर्यंत ठाण मांडून बसला.

मिल्स २०२४ साली गेले. त्यानंतर एकदा ते आजोबा पुन्हा आले, धापा टाकत. आमची शाखा पहिल्या मजल्यावर. पडद्यावरही मुदत एका मिनिटानं उलटली होती. आजोबांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी जिन्याचा वेळ वजा केला आणि म्हटलं, “बसा काका, फॉर्म आणा इकडे.”