जलरंगातील वेशचित्र आणि व्यक्तिचित्र

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच चित्रातला उजेड असतो. गोंदात घोटलेले रंगद्रव्य पाण्यात पातळ करून त्याचा वॉश दिला की थराखालून कागद चमकतो. तैलरंगात चुकलेला भाग खरवडता येतो किंवा त्यावर नवा थर चढवता येतो. जलरंगात मात्र एकदा झाकलेला उजेड पूर्वीसारखा उघडत नाही. त्यामुळे रंग कोठे लावायचा याबरोबरच कोठे लावायचा नाही, हेही आधी ठरवावे लागते. पहिला थर वाळण्याआधी दुसरा दिला तर रंग गढूळ होतो, आणि ओल्या कागदावर रंग कसा पसरेल हे काही अंशी पाणीच ठरवते. चेहरा आणि वस्त्र रंगवताना या माध्यमाचा कस लागतो. गालाची छटा जराशी गडद झाली तरी वय बदलते; निऱ्यांमधल्या सावल्या वाढल्या तर झुळझुळीत पातळ जाडजूड दिसू लागते.

पाण्यातले रंग भारताला नवे नव्हते. मुघल, राजपूत आणि दख्खनी लघुचित्रांत जामे, पगड्या आणि झिरझिरीत ओढण्या अतिशय बारकाईने रंगवलेल्या आहेत. परंतु ते रंग मुख्यतः अपारदर्शक असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी काम करताना भारतीय चित्रकारांनी इंग्रजी जलरंगाची पद्धत उचलली. या ‘कंपनी शैली’त निरनिराळ्या जातींचे, व्यवसायांचे आणि पोशाखांचे संच तयार झाले. त्यांत वेश नेमका असे, माणूस मात्र नमुन्यापुरता.

1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून हे चित्र बदलले. तेथील शिक्षणात समोरच्या वस्तूचे आणि माणसाचे रेखाटन पक्के करण्यावर भर होता. जलरंगाला ही तयारी फार उपयोगी पडली, कारण रेखाटन डळमळीत असेल तर वर दिलेला पातळ रंग ते लपवत नाही.

या शाळेत घडलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) मूळचे कोल्हापूरचे. पुढे त्याच संस्थेची सूत्रे सांभाळणारे ते पहिले भारतीय ठरले. ऑटो रॉथफील्ड यांच्या 1920 सालच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील आणि समाजांतील स्त्रियांची रंगीत चित्रे काढली. पुस्तकाची मांडणी जुन्या वेशसंचांसारखीच आहे. पण धुरंधरांच्या स्त्रिया वस्त्रे दाखवण्यासाठी उभ्या केलेल्या बाहुल्या वाटत नाहीत. पदर घेण्याची ढब, चालताना होणारी वस्त्राची हालचाल, उभे राहण्यातला डौल यांतून पोशाख हा त्या स्त्रीच्या वावरण्याचा भाग होतो.

1882 साली सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर याच शाळेचे विद्यार्थी. 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि 1918 च्या सुमारास ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या स्थापनेत भाग घेतला. 1945–46 च्या सुमाराचे त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. साडी नेसलेली तरुणी एका हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते आहे. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती. हे चित्र पुष्कळदा चुकीने राजा रविवर्म्याच्या नावावर सांगितले जाते. रविवर्म्याचे निधन 1906 सालीच झाले होते.

चित्रात प्रकाशाचा उगम एकच आहे. ज्योतीपाशी बोटे आरपार तांबूस दिसतात, तोच उजेड चेहऱ्यावर आणि छातीवरच्या वस्त्रावर पसरतो, आणि साडीचा बाकीचा भाग हळूहळू काळोखात मिसळतो. जलरंगात हा परिणाम साधायचा तर सर्वांत उजळ जागा सुरुवातीपासून राखाव्या लागतात आणि भोवतीचा अंधार टप्प्याटप्प्याने गडद करत न्यावा लागतो. उतावीळपणे दिलेला एक वॉशही ज्योत विझवायला पुरेसा असतो. कंपनीच्या संचांत वेशाची नोंद होती, धुरंधरांनी त्या वेशाला चाल दिली. हळदणकरांच्या चित्रात वस्त्र, देह आणि प्रकाश वेगळे काढता येत नाहीत. कागद राखण्याचा संयम आणि पाण्याची चाल मान्य करून तिच्याबरोबर काम करण्याची तयारी, या दोन्हींशिवाय ही एकरूपता या माध्यमात साधत नाही.